पेंटर आतून लिहितो

कुवेतमध्ये सत्तावीस वर्षं काढून, शेकडो अरबी पाट्या रंगवूनही शत्रुघ्न राऊळला अरबी वाचता येत नाही, हे कुडाळच्या बाजारात सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काय आहे, देव जाणे. नथ घडवणाऱ्या सोनाराला ती घालणारीचं सासर कुठलं हे ठाऊक असावं लागतं का? शत्रुघ्नला अक्षराचं वळण कळायचं, त्याचं पोट किती फुगवायचं ते कळायचं, शेपूट कुठे जाड सोडून कुठे निमुळती करत न्यायची ते कळायचं. अर्थाचं काय ते गिऱ्हाईक बघून घेई.

त्यात आणखी गंमत म्हणजे ही अक्षरं तो शिकला तीच मुळी उलटी. दुकानाच्या काचेवर नाव घालायचं असेल तर खरा पेंटर ते काचेच्या आतल्या अंगाने लिहितो. बाहेरून लिहिलं तर वाळूचं एक वादळ रंगाला खरवडून जातं, आणि उरलंसुरलं काच पुसणारे फडक्याने नेतात. आतून लिहायचं म्हणजे उलटं लिहायचं. अरबी आधीच उजवीकडून डावीकडे जाते. ती उलटी केली की आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे चालायला लागते. त्यामुळे शत्रुघ्नच्या हाताला ती चटकन बसली. पंचाईत झाली ती पुढे, पत्र्यावर सुलट लिहायची वेळ आली तेव्हा. आजही एखाद्या दुकानाचं नाव त्याला बाहेरच्या फुटपाथवरून परकं वाटतं आणि आत गल्ल्याजवळ उभं राहून बघितलं की ओळखीचं वाटतं.

काच आतून लिहायची ही विद्या त्याने कुडाळात प्रभाकर पेंटरकडे घेतली. प्रभाकर पेंटर म्हणजे एक नंबरचा तिरसट माणूस. रेघ हलली की हात टेकायच्या काठीनेच बोटांवर फटका. पण वर्ख लावावा तर त्यानेच. सोन्याचा वर्ख काचेवर आतून चिकटवायचा, त्यावर उलटी अक्षरं रंगाने झाकायची आणि मग बाकीचा वर्ख ओल्या कापसाने पुसून काढायचा. बाहेर जाऊन बघावं तर नाव झळझळत असायचं. हा प्रकार शत्रुघ्न सहा वर्षं शिकला. बत्तिसाव्या वर्षी कुवेतला आला तेव्हा त्याच्या बॅगेत दोन शर्ट होते आणि अकरा ब्रश होते.

पहिली बारा-तेरा वर्षं त्याची चैनीची गेली. पैशाची चैन नव्हे, कामाची. मिरकाबपासून अर्दियापर्यंत शिंपी, न्हावी, टायरवाले, अत्तरवाले, सगळ्यांची नावं त्याच्या हातची. मग फ्लेक्स आला. मशीन एका तासात दहा फुटांची पाटी ओकू लागलं. त्यामागून चार-पाच वर्षांत दिव्यांची अक्षरं आली. शत्रुघ्नने ब्रश धुऊन ठेवले आणि अर्दियातल्या एका इंटिरियरवाल्याकडे दारं-कपाटं फवारायला लागला. तिथल्याच एका खोलीत चार जणांत त्याची खाट होती. कामाची लाज त्याला कधी वाटली नाही, पण दार फवारल्यावर दोन पावलं मागे जाऊन बघावंसंही त्याला कधी वाटलं नाही.

आता एकोणसाठावं सरत होतं. कंपनीने इकामा, म्हणजे राहायचा परवाना, पुढे वाढवणार नाही असं सरळ सांगितलं होतं, आणि तिकीट निघालं होतं महिन्याभरानंतरचं. जायचं दुःख त्याला नव्हतं. नर्मदा, त्याची बायको, घरी वाट बघत होती. मुलगी तेजस्वी कुडाळातच बँकेत लागली होती. डाचत होतं ते दुसरंच काहीतरी.

झालं असं, की तिकीट निघालं त्याच आठवड्यात तो खोलीतल्या दत्तप्रसादबरोबर अम्गराच्या भंगारबाजारात गेला होता. दत्तप्रसाद वेंगुर्ल्याचा सुतार. त्याला जुनं सागवान बघायचं होतं. तिथल्या भंगाराच्या ढिगात शत्रुघ्नला एक पत्रा दिसला. निम्मा दुमडलेला, गंजलेला, पण त्यावरच्या एका अरबी अक्षराची शेपूट त्याने ओळखली. तशी शेपूट कुवेतमध्ये दुसरं कोणी सोडत नसे. त्याने पत्रा उलटून पाहिला, खालचा कोपरा बोटाने पुसला. कोपरा कोरा होता.

कोरा असणारच होता. कुडाळात पेंटर आपल्या कामाखाली कोपऱ्यात नाव घालतो. तो रिवाजच आहे. शाळेच्या भिंतीवर ‘नेहमी खरे बोलावे’ आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘राऊळ पेंटर, कुडाळ’. कधी कधी लोक आधी खालचं वाचायचे. कुवेतमध्ये मात्र पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं होतं की माझ्या दुकानावर तुझं नाव कशाला? तेव्हापासून शत्रुघ्नने इथे एकाही पाटीवर नाव घातलं नाही. त्या दिवशी तो दत्तप्रसादला म्हणाला की सत्तावीस वर्षं इथे लिहीत राहिलो, पण माझं नाव असलेली एक वीतभर जागा या देशात नाही. जायच्या आधी एका तरी भिंतीवर ते यायला हवं. दत्तप्रसादने सागवानाची फळी ठोकून बघत उत्तर दिलं, “रेशनकार्डार आसा मगे नाव. तां काय थोडा झाला?”

शत्रुघ्नने पत्रा ढिगावर परत ठेवला. पण गोष्ट मनात घट्ट बसली ती बसलीच.

आणि जशी काही कोणी ऐकत होतं, तसं पुढच्या आठवड्यात काम आलं. मिरकाबमध्ये एक नवं खाण्याचं दुकान उघडणार होतं. अंडी, बर्गर, पॅनकेक, सगळं अमेरिकन पद्धतीचं. मालक ओवैस परकार, वय अठ्ठावीस-तीस, बरोबर एक कुवेती भागीदार. लाकूडकाम शत्रुघ्नच्याच कंपनीकडे होतं. ओवैसचं घराणं दाभोळचं. त्याचे वडील रफीक परकार यांचं मिरकाबमध्ये किराण्याचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या काचेवर अरबीत आणि इंग्रजीत त्यांचं नाव घातलं होतं शत्रुघ्नने, कुवेतला येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. ती इमारत पुढे पाडली. रफीकशेठही चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हा ओवैस अमेरिकेत शिकत होता आणि साथीमुळे विमानं बंद होती, म्हणून त्याला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. हे सगळं शत्रुघ्नला ओवैसच्या आईने, शहरबानूभाभींनी फोनवर सांगितलं. मुलगा भिंतीवर मशीनचा कागद चिकटवणार होता. भाभींनीच हट्ट धरला की चित्र हाताने काढायचं, आणि राऊळ अजून कुवेतमध्ये असेल तर राऊळनेच काढायचं.

चित्र ओवैसने टेबलावर पसरलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा साप्ताहिकाचं मुखपृष्ठ होतं ते, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं. लहानसं गाव, किराण्याच्या दुकानाची मोठी काच. एक पेंटर रस्त्याकडून, स्टुलावर उभा राहून काचेवर सोनेरी अक्षरं घालतोय. दुकानदाराचं नाव पूर्वीचंच आहे. त्यापुढे तो नव्याने ‘अँड सन’ लिहितोय. दारात जाडा दुकानदार कमरेवर हात ठेवून उभा, जणू अक्षरं तोच लिहितोय. शेजारी कोरा एप्रन घातलेला त्याचा मुलगा, लाजेने कान लाल झालेले. पिशवी घेतलेली एक बाई थबकली आहे, पोस्टमन पत्रं वाटायची विसरलाय, आणि एका कुत्र्याला अक्षरांचं काडीचंही कौतुक नाही, त्याचं लक्ष बाईच्या पिशवीत आहे. बघता बघता शत्रुघ्नला हसू आलं. कुडाळच्या बाजारात पाटी लिहायला उभं राहिलं की अशीच माणसं जमायची, अगदी कुत्र्यासकट.

ओवैसने सांगितलं की अमेरिकेत तो दर रविवारी ज्या जागी न्याहारी करायचा तिथे हेच चित्र टांगलेलं होतं. वडील गेल्यावर कित्येक आठवडे तो त्याच्याखालीच बसायचा. ते चित्र काढणारा माणूस आयुष्यभर मासिकांसाठी मागणीप्रमाणे चित्रं काढत राहिला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, पण मोठमोठे चित्रकार त्याला आपल्या पंगतीला बसवत नसत, म्हणायचे हा तर ऑर्डरचा माल पुरवतो. हे ऐकून शत्रुघ्न खूश झाला. ऑर्डर, तारीख, मालकाची पसंती, सगळं सांभाळून या गड्याने कुत्र्याच्या कानाच्या आतली गुलाबी कातडीसुद्धा सोडली नव्हती. म्हणजे हा आपल्याच जातीचा निघाला. पेंटरांची काय निराळी जात असते!

मग त्याने धीर करून विचारलं, की खाली कोपऱ्यात माझं बारीक नाव घातलं तर चालेल का? ओवैस ओशाळला, पण सरळ बोलला. चित्र दुसऱ्याचं, आपण नुसती नक्कल करतोय. दुसऱ्याच्या चित्राखाली आपलं नाव घालणं बरं दिसणार नाही. शत्रुघ्नला ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त लागलं. एखाद्याने उद्धटपणे नाही म्हटलं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं.

काम मात्र त्याने मन लावून धरलं. भिंत चौदा फूट बाय नऊ. निळीत भिजवलेला दोरा ताणून, फटके मारून त्याने चौकटी पाडल्या, चित्रावर तेवढ्याच बारीक चौकटी आखल्या आणि एकेक चौकट मोठी करत निघाला. नऊ वर्षांनी ब्रश हातात आले होते. पहिले दोन दिवस मनगट कुरकुरलं, तिसऱ्या दिवशी ते मुकाट्याने ऐकायला लागलं. सुतार, वीजवाले, फरशीवाले जाता येता थांबायचे. एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फरशीवाला रोज दुकानदाराच्या पोटाला हात लावून बघायचा, खरोखरचं पुढे आलंय की काय म्हणून. शत्रुघ्न पाठमोरा राहून ऐकायचा आणि मनातल्या मनात फुगायचा. फुगू दे की. इतकी वर्षं दारं फवारून त्याची छाती चपटी झाली होती.

घोटाळा झाला आठव्या दिवशी, काचेपाशी येऊन पोचल्यावर. तोवर त्याने पेंटरची आकृती नुसती रेघेने आखली होती. आता अक्षरं रंगवायला घेतली आणि हात थांबला. वर्खाची सोनेरी अक्षरं, आणि हा बाबा ती बाहेरून, रस्त्यावर उभा राहून घालतोय! त्याने चित्र डोळ्यांजवळ धरलं. शंकाच नको, बाहेरूनच. पुढच्या पावसात वर्ख गटारात. वर आणि त्याची पाठ अशी आडवी आली होती की अर्धं नाव झाकलं होतं. म्हणजे इतक्या निगुतीने काम करणाऱ्या त्या मोठ्या माणसाने, काच कशी लिहितात ते एकदाही जवळून पाहिलं नव्हतं.

सबंध दुपार शत्रुघ्न चित्रासमोर बसून राहिला. संध्याकाळी नर्मदेला फोन लावला आणि सगळी हकिकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गिऱ्हाइकान सांगल्यान तसा कर आणि गप घराक ये.” सल्ला शहाणपणाचा होता. त्याने तो ऐकला, हो म्हटलं, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरला काचेच्या आत नेऊन उभा केला.

चूक त्याची होती, यात वाद नाही. मालकाला विचारायला हवं होतं. ओवैस तीन दिवस यंत्रांच्या खरेदीसाठी दुबईला गेला होता, पण फोन करता आला असता. शत्रुघ्नच्या मनात तो विचार आलाच नाही. पेंटर नाव काय घालायचं ते गिऱ्हाइकाला विचारतो. काच आतून लिहायची की बाहेरून, हे कधी विचारत नाही. न्हावी कधी विचारतो का, वस्तरा कुठल्या बाजूने धरू?

पेंटर आत गेल्यावर चित्राचं रूपच पालटलं. अडवणारी पाठ गेली, नाव पूर्ण मोकळं झालं, आणि अक्षरांच्या मागून, काचेपलीकडून, पेंटरचा चेहरा दिसायला लागला. दुकानदार, मुलगा, बाई, पोस्टमन, सगळे काचेकडे बघत होतेच; आता आतून कोणीतरी त्यांच्याकडेही बघत होतं. मूळ चित्रात पेंटरला चेहराच नव्हता, तेव्हा तो कुठून आणायचा? न्हाणीघरात आरसा होता. शत्रुघ्नने एक डोळा बारीक केला, जिभेचं टोक दातांत धरलं आणि जे दिसलं ते काढलं. फक्त केस तीस वर्षांपूर्वीचे घातले. तेवढी सूट कुठलाही पेंटर घेतो.

ओवैस चौथ्या दिवशी आला. हातातली कॉफी टेबलावर ठेवून त्याने काचेमागचा चेहरा जवळून बघितला. त्याने आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं.

“अंकल, ये मेरा पिक्चर नहीं है,” तो म्हणाला.

शत्रुघ्नने समजावायचा प्रयत्न केला. वर्ख, पाऊस, उलटी अक्षरं. ओवैस म्हणाला की खरं-खोटं त्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. त्या चित्राखाली बसून त्याने एक सबंध हिवाळा काढला होता. त्यातली प्रत्येक गोष्ट त्याला पाठ होती, आणि पेंटरची पाठसुद्धा. ती परत हवी. शिवाय त्या काळच्या अमेरिकन गावात हा सावळा पेंटर आला कुठून, हेही कोणीतरी विचारेलच. शत्रुघ्न म्हणाला की काचेमागे सावली असते, सगळेच सावळे दिसतात. ओवैसला हसू आलं नाही. त्याने सांगितलं, पाच दिवसांत मूळ होतं तसं करा. नाहीतर भिंतीवर छापील कागद लावून घेतो, माप घेणारा उद्या येईल.

म्हणजे नाव तर गेलंच होतं, आता चित्रही जाणार. दहा दिवसांनी विमान. पाठ परत काढणं दीड दिवसाचं काम होतं, फार तर दोन. शत्रुघ्नने ब्रश फडक्याला पुसला आणि म्हणाला, “शेठ, वो आदमी बहुत बड़ा था. मगर उसने कभी काच पे नहीं लिखा. मैंने लिखा है. कागज लगाना है तो लगाओ, मैं गलत नहीं निकालेगा.”

खोलीवर दत्तप्रसादने त्याला वेड्यात काढलं. स्वतःचं नाव घालायला भिंत मागत होतास, आता भिंतच घालवून बसलास, असं म्हणाला. शत्रुघ्नला रात्रभर झोप नीट लागली नाही, पण त्या बोलण्याचा पश्चात्ताप मात्र एकदाही झाला नाही. याला कोणी गर्व म्हणतील. गर्वच होता. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाने एवढाही गर्व करू नये म्हटलं, तर मग तो करायचा कोणी?

दुसऱ्या दिवशी माप घेणाऱ्याच्या आधी ओवैस आईला घेऊन आला. राऊळला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल, म्हणून तो तिला घेऊन आला होता. शहरबानूभाभी गुडघ्यांनी थकल्या होत्या. प्लास्टिक न काढलेल्या खुर्चीवर त्या बसल्या, चष्मा पुसला, आणि चित्राकडे बघत राहिल्या. शत्रुघ्न बाजूला डबे आवरत होता. त्याला वाटलं, भाभी आता गोड बोलून समजूत घालणार, आणि त्यांना नाही म्हणणं जड जाणार.

भाभींनी हात वर करून काचेमागच्या चेहऱ्याकडे बोट केलं. “ह्यो राऊळ हाय,” त्या म्हणाल्या. “असाच व्हता तवा. केस पन असेच.”

मग त्या बोलायला लागल्या, मुलाकडे न बघता, भिंतीकडे बघत. दुकान उघडायच्या आदल्या दिवशीची गोष्ट होती. रफीकशेठ बाहेर फुटपाथवर उभे, राऊळ आत काचेला नाक लावून. अक्षर जरा वर हवं असलं की रफीकशेठ अंगठीने काचेवर टकटक करायचे आणि बोट वर दाखवायचे. आतला ऐकत नाही म्हटल्यावर पुन्हा टकटक. भाभी त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, कडेवर दीड वर्षाचा ओवैस. बाहेरून बघणाऱ्याला अक्षर नुसतं उमटताना दिसायचं, काचेच्या पलीकडे एका माणसाचा डोळा आणि एक ब्रश. ओवैस त्या ब्रशला धरायला जायचा आणि त्याचा हात काचेवर आपटायचा. राऊळने मग गंमत केली; ब्रश काचेवरून इकडून तिकडे फिरवला, आणि पोर बाहेरून त्याच्यामागे हात फिरवत खिदळत राहिलं. रफीकशेठ ओरडले की उशीर होतोय, पण हसत होते. त्या दिवसासारखे हसलेले ते नंतर फारसे कधी दिसले नाहीत, असं भाभी म्हणाल्या, आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

शत्रुघ्नला ते पोर आठवलं. आत्तापर्यंत आठवलं नव्हतं, कारण काचेच्या आतून त्याने बाहेरच्या किती पोरांना ब्रश दाखवला असेल, त्याला गणती नव्हती.

ओवैसने आईला विचारलं की अब्बा नक्की बाहेर उभे होते का, आणि कुठे, काचेच्या कुठल्या बाजूला. भाभींनी उजव्या बाजूला बोट दाखवलं. चित्रातला जाडा दुकानदार तिथेच उभा होता, कमरेवर हात ठेवून. ओवैस भिंतीजवळ गेला. दुकानदारापासून पेंटरच्या चेहऱ्यापर्यंत आणि तिथून पुन्हा दुकानदारापर्यंत त्याने एकदा बघून घेतलं. माप घेणारा दारात येऊन उभा राहिला तेव्हा ओवैसने त्याला तिथूनच परत पाठवलं, त्याचा वेळ मोडला म्हणून माफी मागून.

मग तो शत्रुघ्नकडे वळला. हिंदी, इंग्रजी आणि घरची कोकणी यांचं कडबोळं करत म्हणाला, की अंकल, आता ही नक्कल राहिली नाही. त्या माणसाने असं काढलं नव्हतं. तेव्हा खाली त्याचं नाव घालणं खोटं होईल, आणि कोणाचंच न घालणं त्याहून वाईट. तुमचं घाला.

शत्रुघ्नने मान हलवली. त्याने सगळ्यांत बारीक ब्रश काढला, पांढऱ्या रंगात थोडा मातकट मिसळला आणि उजव्या कोपऱ्यात, कुत्र्याच्या शेपटीच्या जरा खाली, जमिनीवर मांडी घातली. ओवैसने विचारलं, इंग्रजीत की अरबीत? इंग्रजीत शत्रुघ्नला सहज लिहिता आलं असतं. अरबीतही कोणी कागदावर काढून दिलं असतं तर दोन मिनिटांत उतरवलं असतं, आणि बघणारे अवाक झाले असते.

त्याने एकदा भिंतीकडे बघितलं आणि नागरीत सुरुवात केली. सत्तावीस वर्षांत कुवेतमध्ये त्याच्याकडून एकाही गिऱ्हाइकाने नागरीत काही लिहून घेतलं नव्हतं. ते मागणार तरी कोण! ‘श’ची गाठ जरा मोठी आली. ‘त्रु’ नीट बसला. ‘घ्न’चं जोडाक्षर आलं तेव्हा त्याने डाव्या हाताची काठी भिंतीला टेकवली आणि प्रभाकर पेंटरकडे शिकला होता तसा श्वास रोखून धरला. आडनाव झालं, ‘पेंटर’ झालं. शेवटी वरची रेघ ओढायची राहिली. ती त्याने मधे न थांबता, एका दमात ओढली, आणि ती तारेसारखी सरळ आली.

तो उठला, दोन पावलं मागे गेला आणि बघत राहिला. मागे भाभी खुर्चीतून वाकून वाचायचा प्रयत्न करत होत्या. दाभोळच्या मराठी शाळेत त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या, पण नागरी वाचून त्यांनाही वर्षं लोटली होती. त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, शत्रुघ्न राऊळ, पेंटर. आपलं नाव या देशात कोणी भिंतीवरून वाचून काढलेलं शत्रुघ्न पहिल्यांदाच ऐकत होता. तो ताठ उभा राहिला. डोळे भरून आले होते ते त्याने पुसले नाहीत.

ओवैसला नागरी येत नव्हती. तो कोपऱ्यापाशी वाकला, ओल्या अक्षरांना हात लागणार नाही अशा बेताने बोट पुढे नेलं आणि आईला विचारलं, हे काय लिहिलंय.

“तुजे बापाचा नाव जेनी लिवलान,” शहरबानूभाभी म्हणाल्या, “तेचा नाव हाय ता.”